लडाखात भारत नक्की कुठे संपतो? आणि हे दगडाच्या वयावरून कळतं कसं?

पायवाट · ९ जुलै, रात्री ९.१२

परवाच लडाखहून परतलो. फोटोंचा धागा यथावकाश काढेन (घरून 'आधी बॅगा रिकाम्या कर' असा आदेश आहे), पण एक प्रश्न डोक्यात अडकलाय तो आधी इथे टाकतो.

लेहहून निघून उपशीला सिंधू सोडली आणि मनालीच्या रस्त्याला लागलो. मीरू गावाच्या अलीकडे दोन्ही बाजूंना जांभळ्या, हिरव्या, तांबड्या खडकांचे थर अक्षरशः उभे आहेत. फडताळात पुस्तकं उभी लावावीत तसे. गाडी थांबवून फोटो काढत होतो तर ड्रायव्हरदादा म्हणाले, "साब, इंडिया इधर ख़तम. वो पीछे लेह वाला पहाड़ एशिया का है." मला वाटलं पर्यटकांना सांगायची गोष्ट असेल. घरी येऊन शोधलं तर गोष्ट खरीच निघाली. मधे टेथिस समुद्र होता, तो मिटला आणि त्याची शिवण तिथून जाते.

पुढे वाचत गेलो आणि घोळ सुरू झाला. हे दोन तुकडे जोडले गेले कधी? एक लेख म्हणतो ५.९ कोटी वर्षांपूर्वी. दुसरा ५.४. तिसरा ५. चौथा ३.४. एकात तर २.५ ते २ कोटी. सगळे दगडांची वयं मोजूनच बोलतायत म्हणे. मग वय मोजतात ते नक्की कशाचं? आणि एवढा फरक पडत असेल तर ही मोजणी म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे आहे का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. माझं भूशास्त्र दहावीच्या भूगोलात संपलं.

आगाऊ_कार्टं · ९ जुलै, रात्री ९.२०

पहिला!
भारत जिथे संपतो तिथे टोलनाका असतो. तिथे नव्हता म्हणजे संपलेला नाही.

मीनल_ठाणे · ९ जुलै, रात्री ९.४१

कार्बन डेटिंग करत असतील ना? मुलीच्या पुस्तकात आहे.

गारगोटी · ९ जुलै, रात्री ११.३५

धागा बघून राहवलं नाही. मी याच विषयात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे प्रतिसाद लांबणार. ज्यांना झोप येतेय त्यांनी यावं, उपयोग होईल.

मीनलताई, कार्बन नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५७३० वर्षं. पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याइतकं काही उरतच नाही. शिवाय त्याला एकेकाळी जिवंत असलेली वस्तू लागते. लामायुरूचं 'मूनलँड' म्हणजे जुन्या तलावाचा गाळ, भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचा, तिथे कार्बन चालतो. लेहचा राजवाडा ज्या कातळावर बसलाय त्याला नाही चालत.

त्या कातळाला लागतं झिरकॉन. ग्रॅनाइटसारखा खडक थिजताना त्यात हे बारीक स्फटिक तयार होतात, बहुतेक मिठाच्या कणाहूनही लहान. त्यांची एक खोड आहे. बनताना ते युरेनियम आत घेतात आणि शिशाला जवळजवळ थाराच देत नाहीत. युरेनियम मात्र आपल्या ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. म्हणजे आज त्या कणात जे शिसं सापडेल ते आतच जन्मलेलं. किती युरेनियम उरलं, किती शिसं झालं, हे मोजलं की स्फटिक कधी बनला ते निघतं. १९११ सालीच आर्थर होम्स नावाच्या तरुणाने युरेनियम-शिशावरून खडकांची वयं काढली होती. तेव्हा यंत्रं नव्हती, आता लेझरने कणावर केसाच्या जाडीहूनही लहान खड्डा पाडून मोजतात.

हे कण वेगळे काढणं म्हणजे शुद्ध झारेकऱ्याचं काम. सराफबाजारातल्या गटारांचा गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी ज्यांनी पाहिले असतील त्यांना लगेच कळेल. पाच-दहा किलो दगड फोडायचा, दळायचा, चाळायचा, हलत्या टेबलावर पाण्याने धुवायचा. हलकं वाहून जातं, जड राहतं. मग लोहचुंबक, मग जड द्रव. शेवटी तळाशी चिमूटभर उरतं ते सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक कण निवडत बसायचं. तांदूळ निवडायची सवय असेल तर फायदा होतो, हे मी गमतीने म्हणत नाहीये.

लडाखच्या ग्रॅनाइटातल्या झिरकॉनची वयं साधारण ७ ते ४.५ कोटी वर्षांच्या मधे येतात, बराचसा भर ५.८ च्या आसपास.

उरलेलं उद्या. 'जोडले गेले कधी' हा प्रश्न यातून सरळ सुटत नाही, आणि मूळ प्रश्नातली गंमत तिथेच आहे.

दगडू_पण_शेठ_नाही · ९ जुलै, रात्री ११.५०

आमच्या आयडीला न्याय देणारा पहिलाच धागा. वाचनखूण साठवली.

नाना_सातारकर · १० जुलै, सकाळी ६.३०

सर्व छान आहे. पण हे 'ठरलेल्या गतीने' कोणी ठरवले? युरेनियमचे अर्धायुष्य शेकडो कोटी वर्षे म्हणतात. शंभर वर्षे निरीक्षण करून कोटी वर्षांचे दाखले द्यायचे? आमच्या गावच्या तलाठ्यानेही इतका आत्मविश्वास दाखवला नव्हता.

गारगोटी · १० जुलै, सकाळी ८.०५

नाना, प्रश्न रास्त आहे.

एकाच कणात दोन घड्याळं असतात. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य साधारण ४४७ कोटी वर्षं, त्याचं होतं शिसं-२०६. युरेनियम-२३५ चं साधारण ७० कोटी, त्याचं होतं शिसं-२०७. दोघांच्या गतीत सहापटीहून जास्त फरक. तरी चांगल्या कणात दोन्ही एकच वय सांगतात. मधल्या काळात गती बदलली असती तर दोघांनी नेमकं जुळेल अशा बेताने बदलायला हवं होतं.

आणि कणातून शिसं गळालं असेल तर दोन घड्याळांचं एकमेकांशी जुळत नाही. चोरी झाली हे पंचनाम्याशिवाय कळतं. असे कण आम्ही बाजूला काढतो.

नाना_सातारकर · १० जुलै, सकाळी ८.४०

ठीक. अर्धे पटले. अर्धायुष्य संपले की उरलेले पटेल.

आगाऊ_कार्टं · १० जुलै, सकाळी ८.४२

नाना _/\_
बाकी या धाग्यावर पहिल्या प्रतिसादापासून नुसत्या कोट्याच कोट्या चालल्या आहेत. ५.९ कोटी, ७ कोटी, ४४७ कोटी.

सागरगोटा · १० जुलै, सकाळी १०.१५

गारगोटीताई, ग्रॅनाइटचं वय कळलं, पण त्यावरून जोडणी कशी कळणार? भिंत बांधल्याची तारीख कळली म्हणून शेजारी कधी राहायला आला ते थोडंच कळतं?

गारगोटी · १० जुलै, दुपारी १.२०

उपमा आवडली, पण इथे भिंत शेजाऱ्यामुळेच उभी राहत होती.

टेथिसचा तळ आशियाच्या बाजूला खाली सरकत होता. त्याच्याबरोबर खाली गेलेल्या पाण्यामुळे वरचा गरम थर वितळायचा आणि तो शिलारस वर येऊन थिजायचा. लडाखचा ग्रॅनाइट असा साठत गेला. म्हणजे समुद्रतळाचा रतीब चालू होता तोवर ग्रॅनाइट बनत राहिला. तळ संपला, मागून भारताची जमीन आली. ती हलकी आणि जाड, सहजी खाली जाईना. रतीब बंद.

पण रतीब बंद झाला त्याच दिवशी घरातलं दूध संपत नाही. कपाटात पावडर असते, फ्रिजमधे सायीचं भांडं असतं. तसंच खाली राहिलेला शिलारस पुढेही काही काळ येत राहतो. त्यामुळे शेवटच्या ग्रॅनाइटची तारीख ही जोडणीची तारीख नव्हे, तिच्यानंतरची.

म्हणून दुसरे पुरावे लागतात. त्यातला एक गाळातला आहे, पण तो समजावताना माझी नेहमी पंचाईत होते. मधे समुद्र असेपर्यंत भारताच्या किनाऱ्यावर जो गाळ साठला त्यात भारतातलेच झिरकॉन. ते म्हातारे, ५० कोटी, १०० कोटी, २५० कोटी वर्षांचे. आशियाच्या काठावरच्या ज्वालामुखींतले झिरकॉन तरुण, पाच-दहा कोटींचे. भारताच्या बाजूच्या गाळात हे तरुण कण पहिल्यांदा दिसू लागतात त्या थरापर्यंत मधला समुद्र वाळू ओलांडून येण्याइतका मिटलेला असला पाहिजे.

मीनल_ठाणे · १० जुलै, दुपारी २.०२

थांबा थांबा. हे तर भांड्यांवरच्या नावांसारखं झालं!

आमच्या आईकडे फळीवर पितळेचे आणि स्टीलचे डबे आहेत. प्रत्येकावर नाव आणि तारीख कोरलेली. 'चि. अमुक याच्या मुंजीप्रीत्यर्थ, मामांकडून, १२-५-७४' वगैरे. डब्यावरची तारीख डबा कधी दिला गेला ते सांगते, आईच्या या स्वयंपाकघरात कधी आला ते नाही. पण फळीवर सगळी माहेरच्या आडनावाची भांडी असताना एक दिवस सासरच्या आडनावाचं पातेलं सापडलं, तर सोयरीक त्याआधी झालेली असणारच. कुठलंतरी पातेलं लाडू घेऊन आलं आणि परत गेलंच नाही.

गारगोटी · १० जुलै, दुपारी २.३०

मीनलताई, दंडवत. इतकी वर्षं मी वर्गात हे सूत्रं मांडून शिकवत होते. उद्यापासून पातेलं.

हेच पुढे वाढवते. एका स्वयंपाकघरातल्या सगळ्यात नव्या भांड्यावर १९७४ असेल तर ते स्वयंपाकघर १९७४ मधे किंवा त्यानंतर चालू होतं. वाळूच्या थरातला सगळ्यात तरुण झिरकॉन इतकंच सांगतो: थर याहून जुना नाही. तो किती नंतरचा ते सांगत नाही. मग त्याच थरातले जीवाश्म बघायचे. झांस्करच्या (लडाखच्या दक्षिणेकडचा, भारताच्या बाजूचा भाग) वरच्या चुनखडकात नाण्यांसारखे चपटे न्यूम्युलाइट सापडतात. ते समुद्रातले जीव, आणि त्यांच्या जाती कोणत्या काळातल्या ते ठाऊक आहे.

आता पायवाट यांचे आकडे बघा.

५.९ कोटी: दक्षिण तिबेटमधल्या खोल समुद्राच्या गाळात आशियाचं पातेलं सापडलं, ती तारीख.
५.४ कोटी: हेच काम झांस्करमधे केलं तेव्हा मिळालेली. म्हणजे पश्चिमेकडे निदान तोवर तरी गाठ पडली होती.
५ कोटी: सागरतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांवरून भारताचा वेग काढला तर तो याच सुमारास एकदम मंदावतो. वर्षाला पंधराहून अधिक सेंटिमीटर होता तो पाचेकवर येतो. १९८४ मधे दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं.

आणि चौथा पुरावा मला सगळ्यात आवडतो. त्सो मोरिरीला गेला होतात का?

पायवाट · १० जुलै, दुपारी ३.१०

गेलो होतो ना! कोरझोकला तंबूत राहिलो. तळ्याकाठी एका खडकावर बसून मॅगी खाल्ली. थंडीने चमचा हातात राहत नव्हता.

गारगोटी · १० जुलै, दुपारी ३.२५

त्या भागातले खडक भारताच्या पुढच्या काठाचे आहेत. टक्कर झाली तेव्हा समुद्रतळाच्या मागोमाग तो काठही ओढला गेला आणि थेट शंभरेक किलोमीटर खाली जाऊन परत वर आला. पुरावा म्हणजे कोएसाइट. वाळूचं जे खनिज तेच, पण प्रचंड दाबाखाली घडी घातलेलं. २००१ मधे डेहराडूनच्या वाडिया संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तिथून तो नोंदवला. त्या खोलीवर असताना वाढलेल्या झिरकॉनचं वय एका गटाला ५.३ कोटी मिळालं, दुसऱ्याला ४.७ च्या आसपास. तुमची मॅगी बरीच खोल जाऊन आलेल्या जमिनीवर झाली.

दगडू_पण_शेठ_नाही · १० जुलै, दुपारी ३.४०

मी एवढ्या खोल जाऊन फक्त एकदाच वर आलोय. बारावीच्या फिजिक्समधे.

खडकवासला_बॅकवॉटर · १० जुलै, संध्या. ७.१८

अवांतर: आपल्या सह्याद्रीचा दगड असा मोजता येईल का? की आपल्या नशिबी नुसते वडापाव?

गारगोटी · १० जुलै, रात्री ९.००

आपला काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, त्यात झिरकॉन सहसा नसतोच. त्याला पोटॅशियम-अरगॉनचं घड्याळ लावतात. पण गंमत अशी की घाटात काळ्या थरांच्या मधे तांबडा पट्टा दिसतो ना, विटकरी मातीसारखा, तो दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळातला. त्यातल्या काही पट्ट्यांत लांबून उडून आलेल्या ज्वालामुखी राखेतले झिरकॉन सापडले. २०१५ पासून त्यावरून दख्खनच्या लाव्हांची फार बारीक कालगणना झाली आहे. साधारण ६.६ कोटी.

आता हे लेहच्या आकड्यांशेजारी ठेवा. ७ ते ४.५ कोटी. सह्याद्रीचा लाव्हा वाहत होता तेव्हा लेहचा कातळही तयार होत होता. मधे हजारो किलोमीटर समुद्र, आणि आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला.

खडकवासला_बॅकवॉटर · १० जुलै, रात्री ९.०६

हे भारी आहे. सिंहगडावर पिठलंभाकरी खाताना आता वेगळं वाटणार.

काणकोणकार · १० जुलै, रात्री १०.३०

शिवण बघायला लडाखपर्यंत कशाला जायचं? आमच्या खाली कारवारच्या पुढे कुमठ्याजवळ एक आहे. तिच्या पश्चिमेला कारवारचा जुना तुकडा, त्यातल्या खडकांचं झिरकॉनवरून वय ३२० कोटी. पूर्वेला धारवाड. मधल्या पट्ट्यातल्या अभ्रकाची वयं १३० ते १४० कोटींच्या मधे आली. २०१३ मधे यावर निबंध आला आणि त्यात ही रेघ पूर्व मादागास्करमधल्या शिवणीशी जुळवली आहे. तेव्हा मादागास्कर आमच्या शेजारीच होता. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांबासारखे खडक तो सुटून जातानाचे, साधारण ९ कोटींचे.

लडाखात शिवण रंगीत दिसते. इकडे वर जांभा आणि त्याच्यावर काजूची झाडं.

आगाऊ_कार्टं · १० जुलै, रात्री १०.३३

आणि काजूपासून फेणी. शिवण दिसत नाही यात नवल काय.

पश्चिमवारा · ११ जुलै, पहाटे ४.५०

व्हँकूवर बेटावरून. इकडे दुपार आहे.

मी भूशास्त्रवाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, पण रविवारी इथल्या एका हौशी दगडप्रेमी मंडळाबरोबर भटकतो. मी ज्या बेटावर राहतो ते मुळात उत्तर अमेरिकेचं नाहीच! रँगेलिया नावाच्या एका परक्या तुकड्याचा भाग आहे. नाव अलास्कातल्या रँगेल डोंगरांवरून, १९७७ मधे दिलं. इथे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या बसाल्टची सुमारे सहा किलोमीटर जाड रास आहे. खडकवासला, दगड बघून मला तर घाटातच आल्यासारखं वाटलं होतं. फरक इतकाच की इथला बराचसा लाव्हा पाण्याखाली थिजला, म्हणून लोड-तक्क्यांसारखे गोल गोळे दिसतात. त्यातलं गोठलेलं चुंबकत्व सांगतं की तो विषुववृत्ताजवळ कुठेतरी तयार झाला. नंतर येऊन चिकटला. अमेरिकेचा पश्चिम काठ अशा तुकड्यांनी भरलेला आहे, आणि त्यांना इकडचे लोक 'संशयित' तुकडे म्हणतात. पोलिसांच्या भाषेत!

जोडणीची तारीख काढायची इथली युक्ती सांगतो. दोन तुकड्यांच्या सीमेवर नंतर एखादा ग्रॅनाइट वर येतो आणि दोन्हीकडे घुसतो. टाकाच घातला म्हणा. त्याचं वय काढलं की झालं: जोडणी त्याच्या आधीची. अलास्कात रँगेलियाचा जुना पाया आणि शेजारचा अलेक्झांडर तुकडा यांच्यावर असा एक टाका आहे, सुमारे ३१ कोटी वर्षांचा. म्हणजे हे दोघे अमेरिकेला येऊन भिडायच्या कितीतरी आधीच एकमेकांना बांधलेले होते.

लडाखात असा टाका नाही का?

नाना_सातारकर · ११ जुलै, सकाळी ६.२५

पश्चिमवारा, चांगली माहिती. मी एक भर घालतो. १९३६ साली ऑगुस्तो गान्सर नावाचे स्विस भूशास्त्रज्ञ यात्रेकरूचा वेश करून तिबेटात शिरले आणि कैलासाची परिक्रमा केली. बाकीचे दर्शन घेत होते, हे खडक बघत होते. कैलासाच्या पायथ्याशी त्यांना समुद्रतळाचे खडक सापडले. ही तीच शिवण, जी पुढे लडाखात येते. तेव्हा यांत्रिक काही नव्हते. डोळे होते.

(काल शंका काढल्या म्हणजे मला यातले काही ठाऊक नाही असे समजू नये.)

सागरगोटा · ११ जुलै, सकाळी ९.१०

नाना रॉक्स. शब्दशः.

गारगोटी · ११ जुलै, दुपारी १२.४५

नाना, डोळ्यांचं अगदी खरं. यंत्र चुकत नाही, माणूस नमुना चुकवतो. माझाच किस्सा. विद्यार्थिनी असताना हिमालयातल्या एका तरुण ग्रॅनाइटात मला २५० कोटी वर्षांचा एक कण मिळाला. दोन रात्री झोपले नाही. खाली दडलेला पुरातन खंड सापडला, प्रबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवलं. तिसऱ्या दिवशी सरांनी एवढंच विचारलं, "तुझ्या आधी दगड फोडायच्या यंत्रावर कोण होतं?" आधीच्या मुलाचा नमुना दक्षिणेतला, २५० कोटींचा. यंत्राच्या जबड्यात त्याचा एक कण राहिला होता. तेव्हापासून मी यंत्र स्वतः पुसते, दोनदा.

पश्चिमवारा, टाका आहे, आणि खरं भांडण तिथूनच सुरू होतं. लडाखात शिवणी दोन आहेत. लेहच्या दक्षिणेला सिंधूची आणि उत्तरेला, खार्दुंगला ओलांडल्यावर, श्योकची. लेहचा ग्रॅनाइट या दोघींच्या मधे. म्हणजे तो मधला पट्टा मुळात समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांची रांग होता. पश्चिमेला हाच पट्टा पाकिस्तानात कोहिस्तान म्हणून जातो. प्रश्न असा की ही रांग आधी कुणाला चिकटली?

जुनं उत्तर: आधी आशियाला. गिलगिटच्या बाजूला १९८५ मधे एक वाकलेला, दबलेला खडक १०.२ कोटींचा मोजला गेला आणि त्याच भागात ७.५ कोटींच्या, अजिबात न वाकलेल्या शिरा मिळाल्या. म्हणजे आशियाला भिडताना झालेली दाबादाबी या दोन तारखांच्या मधली. सुटसुटीत. पुढे त्या पहिल्या खडकाचं वय झिरकॉनवरून काढलं तर ते बरंच जुनं निघालं. एक खुंटी हलली.

तिसरी_घंटा · ११ जुलै, दुपारी ३.३०

गारगोटी, तुम्ही फार सौम्यपणे सांगताय. मी खडकांच्या चुंबकत्वाच्या बाजूचा माणूस. ५.५ कोटींच्या सुमाराला भारताचा उत्तर काठ आणि आशियाचा दक्षिण काठ यांची अक्षांशांवरची जागा मांडली की मधे मोठी पोकळी उरते. ती भरायला कुणी म्हणतं भारत उत्तरेला बराच लांब होता, कुणी म्हणतं मधे दुसरा समुद्र होता. २०१२ मधे तर असं मांडलं गेलं की ५ कोटींना एक छोटा तुकडा आशियाला भिडला आणि मुख्य भारत २.५ ते २ कोटींना. ३.४ वाले म्हणतात ५.५ ला जी धडक झाली ती नुसती बेटांना. त्यामुळे पातेल्याची उपमा कितीही गोड असली तरी ते पातेलं सासरचं की मधल्या मावशीचं हे कसं ठरवणार?

मीनल_ठाणे · ११ जुलै, दुपारी ३.४८

मावशीचं असेल तर नाव मावशीचं असेल ना. आमच्याकडे मावशीकडची पातेली परत जातात.

गारगोटी · ११ जुलै, संध्या. ६.१५

घंटा, मुद्दा मान्य. पण हे ठरवायला साधन आहे. झिरकॉनमधे हाफ्नियम नावाचा धातूही असतो. त्याच्या समस्थानिकांवरून कळतं की शिलारस कोऱ्या मालाचा होता की त्यात जुनी खंडाची जमीन विरघळली होती. २०१३ मधे कोहिस्तान-लडाखच्या ग्रॅनाइटांवर असं काम झालं. एका तारखेनंतर भारताच्या जुन्या जमिनीची चव लागायला लागते: ५.०२ कोटी, चूकभूल १५ लाख. आणि नंतर पट्टाभर चव सारखी होते, म्हणजे आशियाही जोडला गेला: ४.०४ कोटी, चूकभूल १३ लाख. यांच्या मते बेटांना आधी भारत भिडला, आशिया नंतर. जुन्या उत्तराच्या बरोबर उलट.

मला स्वतःला झांस्करचे ५.४ जास्त पटतात, कारण तो गाळ मी हाताने उकरलाय. पण श्योक नंतर मिटली असेल हेही मी नाकारत नाही. आणि आधी छोटा तुकडा, मग २.५-२ कोटींना मुख्य भारत, हे मला पटत नाही, कारण त्या दुसऱ्या समुद्राची शिवण कुणी दाखवलेली नाही.

तिसरी_घंटा · ११ जुलै, संध्या. ६.३२

शिवण खाली गाडली गेली असेल.

गारगोटी · ११ जुलै, संध्या. ६.३४

समुद्रतळाचा एक खडा आणून द्या, मी यंत्र पुसून ठेवते.

आगाऊ_कार्टं · ११ जुलै, संध्या. ६.३६

चूकभूल १५ लाख वर्षं. आमच्या बिल्डरने पझेशनसाठी हेच कलम घातलंय.

दगडू_पण_शेठ_नाही · ११ जुलै, संध्या. ७.००

खार्दुंगलाचा विषय निघालाच आहे तर: तिथल्या पाटीवर मी १८,३८० फूट वाचलं होतं, जीपीएस म्हणतं १७,५८२. समोर उभ्या डोंगराच्या उंचीवर एकमत नाही आणि इथे पाच कोटींच्या तारखा.

नाना_सातारकर · ११ जुलै, संध्या. ७.२०

पाटी रंगवणाऱ्याने चूकभूल लिहिली नव्हती. यांनी लिहिली आहे. उरलेले अर्धे पटले.

पायवाट · ११ जुलै, रात्री १०.०५

बापरे, दोन दिवस बॅगा रिकाम्या करण्यात गेले आणि इथे एवढं झालं. सगळ्यांचे आभार. मला समजलं ते बरोबर का बघा.

सगळे दगडाचंच वय मोजतात, पण कुणी पातेलं कधी आलं ते, कुणी भारताचा काठ खाली ओढला गेला ते, कुणी ग्रॅनाइटाची चव बदलली ते. आणि मधे बेटांची रांग असल्यामुळे लग्नं बहुधा दोन झाली. मग आधी भारत बेटांना भिडला असं धरलं, तर आमचे ड्रायव्हरदादा चुकले! मीरूजवळ भारत संपला आणि बेटं सुरू झाली. आशिया सुरू होतो तो श्योकपाशी, नुब्रात.

गारगोटी · ११ जुलै, रात्री १०.२०

त्या मताने, हो. आधी आशियाला चिकटली असं धरलं तर दादा बरोबर. त्यांना दोन्ही सांगा, पुढच्या पर्यटकांना उपयोगी पडेल.

नुब्रात गेला होतात ना? खार्दुंग गावाकडून खाली श्योकच्या पात्रात उतरताना ज्वालामुखीचे खडक लागतात, आणि पुढे दिस्कित-हुंदरच्या आसपास ती शिवण.

पायवाट · ११ जुलै, रात्री १०.३१

हुंदरला दोन तास होतो, पण सगळा वेळ दोन वशिंडांच्या उंटांपायी गेला. फोटो जोडतोय. उंटाच्या मागे डावीकडे जो काळपट कडा दिसतो, तीच का शिवण?

गारगोटी · ११ जुलै, रात्री १०.४४

कडा दिसत नाहीये. नेमका तिथे तुमचा हात आणि सेल्फी स्टिक आहे. उंटाचा एकट्याचा असेल तर तो टाका.